मातीखालचा आसरा आणि त्याची परीक्षा



या व्याख्यानासाठी विषय निवडायची मोकळीक तुम्ही दिलीत, आणि मी एका कोरड्या वाटणाऱ्या विषयावर बोलायचे ठरवले. मातीने झाकलेला निवारा स्फोटाच्या दाबापासून आणि किरणोत्सारापासून माणसाला किती वाचवतो, आणि हे 'किती' शोधून काढण्यासाठी गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जगात कोणकोणत्या परीक्षा घेतल्या गेल्या, हे आज सांगणार आहे. मी मृदायांत्रिकीचा माणूस. माती भार कसा पेलते हेच आयुष्यभर शिकवत आलो, म्हणून या परीक्षांकडे माझे लक्ष गेले.

अणुबॉम्ब पडला तर खड्ड्यात बसून माणूस वाचेल का, असे विचारले की दोन उत्तरे ताबडतोब मिळतात. 'कशानेच काही होणार नाही' हे एक आणि 'चर खणा, आत बसा, झाले' हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी काहीही मोजलेले नसते. ज्यांनी मोजले त्यांचे उत्तर जास्त गुंतागुंतीचे आहे आणि माझ्या मते जास्त माणुसकीचेही आहे.

पहिला पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेतला नाही. तो नागासाकीचा आहे. तिथे डोंगरांच्या कुशीत बोगदे खणून हवाई हल्ल्यासाठी निवारे केले होते आणि शहराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा लोकसंख्या मावेल एवढी त्यांची क्षमता होती. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी धोक्याचा भोंगा झाला आणि साडेआठच्या सुमारास धोका टळल्याची सूचना मिळाली. लोक बाहेर पडून कामाला लागले. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला. त्या क्षणी बोगद्यांत काही शेच माणसे होती. स्फोटबिंदूच्या जवळ असूनही, नीट आत बसलेली ती माणसे वाचली. युद्धानंतर पाहणीसाठी आलेल्या अमेरिकन तज्ज्ञांनी ही गोष्ट नागासाकीतला सर्वांत बोधप्रद पुरावा म्हणून नोंदवली. हिरोशिमातही असेच घडले होते. तिथे ७ वाजून ३१ मिनिटांनी धोका टळल्याचे जाहीर झाले आणि सव्वाआठला बॉम्ब पडला. माती आपले काम करायला तयार होती, पण माणसे तिच्याखाली नव्हती. निवाऱ्याची परीक्षा म्हणजे छताची परीक्षा एवढेच नसते, हे इथूनच लक्षात ठेवावे लागते.

त्याआधी ब्रिटनमध्ये १९३८ साली 'अँडरसन निवारा' तयार झाला. पन्हळी पोलादी पत्र्यांची कमान, सुमारे साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, परसात चार फूट खोल पुरायची आणि वर निदान पंधरा इंच माती टाकायची. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते सर जॉन अँडरसन १९३२ ते १९३७ या काळात बंगालचे गव्हर्नर होते. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळकत असलेल्या घरांना हा निवारा फुकट मिळे. युद्ध सुरू होईपर्यंत असे सुमारे पंधरा लाख निवारे वाटून झाले होते. जवळपास पडलेल्या बॉम्बपासून त्यांनी पुष्कळांना वाचवले, पण थंडीच्या दिवसांत त्यात गुडघाभर पाणी साचे आणि कितीतरी कुटुंबांनी रात्री तिथे जाणेच सोडून दिले. पुढे ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटनने आपला पहिला अणुस्फोट ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील माँटे बेलो बेटांजवळ केला, तेव्हा याच अँडरसन निवाऱ्यांना तिथे नेऊन उभे केले. जुन्या युद्धाच्या उपायाचे नव्या शस्त्रापुढे काय होते, हे ब्रिटिशांना डोळ्यांनी पाहायचे होते.

अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. मार्च १९५३ आणि मे १९५५ मधल्या स्फोटांत घरे, कपडे घातलेले पुतळे आणि निवारे मांडून ठेवले होते. त्या पुतळ्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. अभियंत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काम त्या छायाचित्रांच्या पलीकडे चालले होते. १९५७ च्या मालिकेत पुरलेल्या पन्हळी कमानी, काँक्रीटचे घुमट, फ्रान्स आणि जर्मनी या देशांच्या नमुन्यांचे निवारे अशा अनेक रचनांवर दाबमापके लावून मोजमापे घेतली गेली.

या चाचण्यांतला एक भाग मला अस्वस्थ करतो, आणि तो वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५५ मध्ये काही निवारे मुद्दाम उघडे ठेवले आणि आत कुत्री, ससे, गिनीपिग, उंदीर ठेवले. अल्बुकर्कच्या लव्हलेस फाउंडेशनचे क्लेटन व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम केले. निवाऱ्याची भिंत शाबूत राहिली तरी दारातून शिरणारी हवा प्रचंड वेगाच्या झोतासारखी आत येते, आतला दाब झपाट्याने चढतो, भिंतींवर आपटून आणखी वाढतो, आणि त्या झोताच्या वाटेतला जीव भिरकावला जातो, हे या कामातून समजले. माणसाच्या कानाचा पडदा दर चौरस इंचाला सुमारे ५ पौंड जादा दाबाला फाटू लागतो, फुप्फुसाला इजा साधारण १२ पौंडांच्या आसपास सुरू होते. म्हणजे ज्या दाबाला मातीचा खंदक हलतही नाही, त्या दाबाला उघड्या दाराच्या खंदकातला माणूस जायबंदी होऊ शकतो. हे ज्ञान मुक्या जनावरांच्या यातनांतून आले आहे. ते धूळ खात पडू देणे हा त्या जनावरांवरचा दुसरा अन्याय ठरेल.

आता किरणोत्साराकडे वळतो. जमिनीलगत झालेल्या स्फोटातून उडालेली किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते. तिच्यातून निघणारे गॅमा किरण अडवायला कोणतेही जादूचे द्रव्य लागत नाही, लागते ते वजन. ठोकून बसवलेली सुमारे ९ सेंटिमीटर माती हे किरण निम्मे करते, पुढची ९ सेंटिमीटर उरलेल्याचे निम्मे. असे दहा थर, म्हणजे ९० सेंटिमीटर माती, मूळ मात्रा जवळजवळ हजाराव्या हिश्श्यावर आणते. काँक्रीटला तेच काम करायला सुमारे ६० सेंटिमीटर लागतात. माती जाड लागते, पण ती पायाखालीच असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

हे आकडे पुस्तकी गणिताने काढून सोडून दिलेले नाहीत. घराभोवतीच्या मोठ्या क्षेत्रावर खरी किरणोत्सारी धूळ पसरणे शक्य नसते. म्हणून संशोधकांनी जमिनीवर प्लास्टिकची लांब नळी वेटोळी घालून अंथरली आणि कोबाल्ट-६० ची छोटीशी गोळी पाण्याच्या दाबाने तिच्यातून फिरवली. गोळी फिरत असताना आत ठेवलेल्या मापकांवर जी एकूण मात्रा जमते, ती सगळ्या क्षेत्रावर धूळ पडल्यावर जमली असती तशीच. ही युक्ती मला फार आवडते. लुइस स्पेन्सर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी १९६२ मध्ये या किरण-अटकावाचे सविस्तर गणित प्रसिद्ध केले, त्याची पडताळणी अशा मोजमापांनी होत गेली. निवाऱ्याची वाट काटकोनात वळवली तर एका वळणाला किरणांचा सुमारे नऊ-दशांश भाग कमी होतो. वळणदार वाट ठेवायची ती यासाठी.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट काळाची. कॅथरीन वे आणि युजीन विग्नर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून एक सोपा ठोकताळा निघतो: वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा दर दहाव्या हिश्श्यावर येतो. स्फोटानंतर एका तासाने दर हजार असेल, तर सात तासांनी शंभर, दोन दिवसांनी दहा आणि दोन आठवड्यांनी एक. म्हणून मातीखालचे पहिले दोन दिवस सर्वांत मोलाचे.

हेच विग्नर पुढे या कथेत पुन्हा येतात. १९६३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या या माणसाने ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत नागरी संरक्षणाचे संशोधन सुरू केले. तिथे त्यांना क्रेसन कर्नी भेटले. कर्नी भूशास्त्र शिकलेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जंगलातल्या सैनिकांसाठी साधने तयार केली होती. एखादे साधन माणसाच्या हातात देऊन ते खरोखर चालते का हे पाहिल्याखेरीज त्याला 'चालते' म्हणायचे नाही, ही त्यांची शिस्त. माझ्या आजच्या बोलण्याचा मध्यबिंदू हाच माणूस आहे.

कर्नी आणि त्यांचे सहकारी यांनी रशियन नागरी संरक्षणाच्या पुस्तिका अनुवादित करून घेतल्या, त्यातले खंदक स्वतः खणून पाहिले आणि स्वतःचे नमुनेही रचले. ओंडक्यांनी झाकलेला खंदक, घरातली दारे काढून त्यांचे छत केलेला खंदक, जिथे जमीन ओली किंवा खडकाळ आहे तिथे जमिनीवर उभा करून मातीने मढवायचा निवारा. मग त्यांनी जे केले ते मला या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम वाटते. कधीही खंदक न खणलेल्या साध्या कुटुंबांना त्यांनी छापील सूचनांचे कागद दिले. सोबत फावडी-कुदळींसारखी हातची हत्यारे. वेळेत काम पूर्ण केले तर रोख बक्षीस. शिकवायला कुणी नाही, निरीक्षक फक्त नोंदी करणार. बायका, पोरे, पुरुष सगळे राबले आणि बहुतेक कुटुंबांनी दोन दिवसांच्या आत राहण्याजोगा निवारा उभा केला. जिथे माणसे अडली, तिथे चूक कुटुंबाची मानली गेली नाही. सूचनेचे ते वाक्य बदलले गेले, चित्र नव्याने काढले गेले आणि नवा कागद घेऊन पुन्हा नवे कुटुंब.

सूचनेचा कागद हाही बांधकामाचाच भाग आहे आणि त्याचीही भारचाचणी घ्यावी लागते, असे मानणारे अभियंते मी फार थोडे पाहिले आहेत.

दाबाची परीक्षा राहिली होती. १९६३ च्या करारानंतर अमेरिकेचे वातावरणातले अणुस्फोट बंद झाले होते, म्हणून रासायनिक स्फोटकांवर काम भागवायचे ठरले. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र केंद्रात 'डाइस थ्रो' नावाची चाचणी झाली. अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेल यांचे ६२८ टन मिश्रण एकदम उडवले. हवेतल्या धक्क्यापुरता तो सुमारे एक किलोटनाच्या अणुस्फोटाएवढा होता. ओक रिजच्या मंडळींनी वेगवेगळ्या अंतरांवर आपले निवारे बांधून ठेवले होते. बारीक ओंडक्यांचा, वर भरपूर माती टाकलेला एक निवारा दर चौरस इंचाला ५३ पौंड दाबाच्या जागी होता. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३७ टन. साधी घरे ५ पौंडांच्या आसपास जमीनदोस्त होतात. हा लाकडाचा निवारा आतून धड राहिला. आधार न दिलेल्या मातीच्या भिंतींचे खंदक मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबाला आतून ढासळले. छत टिकले आणि बाजू कोसळल्या.

लाकडाच्या बल्ल्या ३७ टन कशा पेलतात? त्या पेलतच नाहीत, पेलते ती माती. धान्याच्या कणगीच्या तळाचे तोंड उघडले तरी कधीकधी दाणे खाली येत नाहीत, एकमेकांत अडकून वर कमान धरतात आणि सगळा भार कणगीच्या भिंतीवर जातो. मातीतही तेच होते. कार्ल टर्झागी यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाळूच्या पेटीच्या तळाला एक झडप ठेवली होती. झडप किंचित खाली सरकवली की तिच्यावरचा भार एकदम घटतो, कारण वरची वाळू आजूबाजूच्या स्थिर वाळूवर टेकते. निवाऱ्याचे छत थोडे लवचीक असेल, दाब आल्यावर जरासे झुकत असेल, तर वरची माती कमान धरते आणि भार बाजूच्या जमिनीत उतरवते. छत अगदी ताठ असेल तर उलट तेच जास्त भार ओढून घेते. त्यासाठी वरची माती पुरेशी जाड मात्र हवी, साधारण छताच्या रुंदीच्या निम्म्याइतकी तरी. आपल्याकडे सुरक्षितता म्हटली की जाड स्लॅब डोळ्यांसमोर येतो. मजबूत म्हणजे ताठ, ही समजूत मातीखाली चालत नाही हे प्रत्येक स्थापत्य महाविद्यालयात प्रात्यक्षिक करून दाखवायला हवे. एक पेटी, वाळू आणि झडप, एवढ्यात ते होते.

'डाइस थ्रो' चाचणीच्या मर्यादाही स्पष्ट सांगतो. एक किलोटनाचा धक्का अल्पकाळ टिकतो. एक मेगाटनाच्या शस्त्राचा तेवढाच दाब सुमारे दहापट वेळ रेटत राहतो, कारण कालावधी शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. रासायनिक स्फोटात अणुस्फोटाची उष्णता आणि सुरुवातीचे न्यूट्रॉन-गॅमा किरणही नसतात. त्यामुळे ५३ पौंडांचा तो आकडा कोणत्याही बॉम्बपुढे चालेल अशी हमी म्हणून वापरता येत नाही. स्फोटाच्या अगदी जवळ तर कोणताही घरगुती निवारा उपयोगाचा नाही. त्याची उपयुक्तता आहे ती त्या बाहेरच्या विशाल पट्ट्यात, जिथे घरे पडतात पण माणूस मरायलाच हवा असे नसते, आणि त्याहून दूर, जिथे फक्त धूळ येते.

हवेचा प्रश्न बहुतेक आराखड्यांत शेवटी येतो, म्हणून तो वेगळा काढून सांगतो. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. मातीखालच्या बंद जागेत दहा माणसे दाटीवाटीने बसली की किरणोत्साराआधी उकाडाच जीव घेऊ शकतो. थंड हवेत माणशी मिनिटाला तीन घनफूट ताजी हवा पुरते, उष्ण दमट दिवसांत चाळीस लागते. कर्नींनी यासाठी लाकडी चौकट आणि प्लास्टिकच्या झडपा यांचा एक झुलता पंप रचला. त्याचे सुरुवातीचे नाव 'पंखा-पंप' असे होते, कारण कल्पना आपल्याकडच्या छताला टांगलेल्या, दोरीने ओढायच्या पंख्यावरून घेतली होती. दोरी ओढली की हवा आत येते, वीज लागत नाही. हा पंपही कुटुंबांकडून करवून घेऊन तपासला गेला. १९७९ मध्ये ओक रिजने कर्नींचे 'न्यूक्लिअर वॉर सर्व्हायव्हल स्किल्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात हे सगळे, डबा आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यापासून करायच्या किरणमापकासह, आराखड्यांनिशी दिले आहे. कर्नींनी ते कुणालाही छापायची मुभा दिली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांचा मी आदर करतो. निवाऱ्यांची चर्चा केली की अणुयुद्ध सोसण्याजोगे वाटू लागते, राज्यकर्त्यांचा हात सैल होतो, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. स्वित्झर्लंडने १९६३ च्या कायद्याने निवारे सक्तीचे केले, आज तिथे सगळ्या रहिवाशांना पुरतील एवढ्या जागा आहेत, आणि तो देश काही त्यामुळे युद्धखोर झाला नाही. अण्वस्त्रे नष्ट व्हावीत म्हणून बोलणे आणि तोपर्यंत शेजारच्या पोराला वाचवायची तयारी ठेवणे ही दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो.

आता आपल्याकडे येऊ. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी शाळांच्या आवारांत नागमोडी चर खणले होते, ते आठवणारी माणसे या सभागृहात असतील. त्यानंतर पिढ्या गेल्या. जम्मूच्या सीमावर्ती जिल्ह्यांत केंद्र सरकारने १४ हजारांहून जास्त बंकर मंजूर केले, घरगुती आणि सामुदायिक असे दोन्ही. तिथल्या गोळीबारात ते लोकांच्या उपयोगी पडतात. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तीत मुंबई, उरण आणि तारापूर यांचाही समावेश होता. भोंगे वाजले, दिवे मालवले. भोंगा वाजल्यावर माणसाने नेमके कुठे जायचे, कोणत्या छताखाली, किती मातीखाली, याचे तपासलेले उत्तर मराठीत कुठे छापलेले मला आढळले नाही.

आणि परक्या देशाचे उत्तर जसेच्या तसे आपल्याला चालणार नाही. न्यू मेक्सिकोची कोरडी जमीन वेगळी आणि आपली काळी कापूसजमीन वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आधार न देता खणलेली तिची भिंत आषाढात किती तास उभी राहील? कोकणच्या जांभ्यात भिंत उभी राहील, पण खणायला पहारी लागतील आणि दोन दिवस पुरतील का, हे खणल्याशिवाय कळणार नाही. सखल भागात पावसाळ्यात भूजल एवढे वर येते की तिथे खंदक न खणता जमिनीवरचा, मातीने मढवलेला निवाराच विचारात घ्यावा लागेल. विदर्भाच्या मे महिन्यात माणशी चाळीस घनफूट हवा तरी पुरेल का, हाही मोजायचा प्रश्न आहे. ओंडक्यांऐवजी आपल्याकडे बांबू आहे, जुने पत्रे आहेत, सिमेंटची रिकामी पोती आहेत. त्यांवर मातीची कमान कशी धरते हे कुणीतरी मोजायला हवे.

हे काम अवाढव्य नाही. पुण्यात लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. राज्यात स्थापत्य शिकवणारी महाविद्यालये भरपूर आहेत, त्यांच्याकडे माती तपासायची उपकरणे आहेत. दाबाची चाचणी लष्कराच्या देखरेखीखालीच व्हावी. बाकीचे सगळे आपण करू शकतो.

म्हणून माझी विनंती सभागृहातल्या प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना आणि नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांना आहे. येत्या उन्हाळ्यात एक निवारा काळ्या मातीत, एक मुरमात आणि एक जांभ्यात खणा. सूचना सोप्या मराठीत लिहा आणि ज्यांनी कधी असे काम केलेले नाही अशा कुटुंबांच्या हाती द्या. त्यांना शिकवू नका, नुसते पाहा, वेळ मोजा, ती कुठे अडतात ते लिहून घ्या. ढासळू शकणाऱ्या भिंतीजवळ कुणाला एकटे सोडू नका. वरच्या मातीची जाडी मोजा, आतले तापमान नोंदवा, पहिल्या पावसानंतर पुन्हा जाऊन भिंती पाहा. जे फसले तेही छापा. आणि जोवर हे झालेले नाही, तोवर लोकांना वाटण्यासाठी न तपासलेला एकही कागद छापू नका.